भाऊबिजेच्या ताटात चाकू?

भाऊबिजेला बहिणीने ओवाळावे आणि भावाने तिच्या ताटात काहीतरी घालावे, ही आपली जुनी रीत. काय घालावे, हे मात्र काळाप्रमाणे बदलत आले. आजोबांच्या काळी चांदीचा रुपया होता, वडिलांच्या काळी खण आणि पातळ, पुढे साडी, मग मनगटी घड्याळ, मग पाकिटातली कोरी नोट आणि अलीकडे मोबाइल. या बदलाबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. पण गेल्या काही वर्षांत या ताटात एक नवीच वस्तू येऊन पडू लागली आहे, आणि तिच्याबद्दल मी आज चार कडू शब्द बोलणार आहे. फराळाची बशी पुढे घेऊन बसलेल्या वाचकांनी क्षमा करावी. चिवड्यात मिरची असतेच की!

ही वस्तू म्हणजे घडीचा चाकू. मूठ गुलाबी किंवा जांभळी, पाते तीन-साडेतीन इंचांचे, कधी किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवण्याची कडी, आणि वेष्टनावर ‘महिलांच्या स्वसंरक्षणासाठी’ अशी अक्षरे. बहीण शिकायला पुण्याला निघाली, नोकरीला मुंबईला निघाली, की भाऊ हा चाकू तिच्या पर्समध्ये सारतो आणि कृतकृत्य होतो. माझ्याजवळ शिकून गेलेले, आता बऱ्यापैकी मिळवते झालेले तरुण मला रस्त्यात गाठून विचारतात, “सर, ताईसाठी घडीचा चाकू घ्यायचाय. कुठला घ्यावा? खटक्याचा की साधा? पाते केवढे असावे?” माझ्या वाचनावर त्यांचा विश्वास आहे, म्हणून विचारतात. त्या साऱ्यांना मिळून एकदाच उत्तर द्यावे म्हणून हा लेखप्रपंच. उत्तर सरळ आहे: कुठलाच घेऊ नका. पण ‘का’ हे सांगितल्यावाचून उत्तर पुरे होत नाही, असे आम्हीच मुलांना गणिताच्या तासाला सांगतो.

प्रथम चाकूची बदनामी मी करीत नाही, हे स्पष्ट असू द्या. चाकू हे मोठे गुणी हत्यार आहे. पेन्सिलीला टोक काढावे, आंब्याची फोड करावी, सुतळी कापावी, कलम बांधावे. या कामांत त्याच्याइतका विश्वासू सोबती नाही. फ्रान्समधल्या साव्हुआ प्रांतात १८९० साली जोसेफ ओपिनेल नावाच्या लोहाराच्या पोराने लाकडी मुठीचा एक घडीचा चाकू बनवला. तो शेतकऱ्यांच्या खिशात इतका रुळला की आजही त्याच घाटाचा चाकू जगभर विकला जातो. त्या चाकूत १९५५ साली एक सुधारणा झाली. मुठीच्या तोंडाशी फिरणारी एक पोलादी कडी बसवण्यात आली, म्हणजे पाते उघडल्यावर कडी फिरवावी आणि पाते आपोआप मिटू नये. ही कडी कशासाठी? वापरणाऱ्या शेतकऱ्याची स्वतःची बोटे वाचावीत यासाठी! साठपासष्ट वर्षे चाकू बनवणाऱ्या घराण्यालाही घडीच्या चाकूची पहिली भीती वाटत होती ती ज्याच्या हातात तो आहे त्याच्याविषयी, हे ध्यानात ठेवा.

आता हे पाते मिटते कसे आणि उघडे राहते कसे, ते पाहू. घडीच्या चाकूचे दोन मुख्य प्रकार. एकात मुठीच्या पाठीत पोलादी कमान असते, ती पात्याच्या बुडाला दाबून धरते, एवढेच. ती अडसर नव्हे. जोर उलट्या दिशेने आला की पाते मिटणारच. फळ कापताना जोर नेहमी धारेच्या बाजूने पडतो, म्हणून काही बिघडत नाही. पण भोसकताना टोक पट्ट्याच्या बक्कलावर, बटणावर किंवा हाडावर अडकले की जोर फिरतो आणि पाते आपल्याच बोटांवर येऊन मिटते. दुसऱ्या प्रकारात खटका असतो. मुठीतली पत्र्याची पट्टी वाकून पात्याच्या बुडाशी उभी राहते, किंवा पाठीवरचा खटका खाचेत बसतो. हा प्रकार अधिक खात्रीचा खरा. पण ती पट्टी म्हणजे काही मिलिमीटर जाडीचा पत्रा. स्वस्तातल्या मालात ती झिजते, घसरते, आणि पर्समध्ये कंगवा, चिल्लर आणि बिस्किटांचा चुरा यांच्या संगतीत सहा महिने पडून राहिली की तिच्या खाचेत काय काय जाऊन बसते ते त्या पर्सच्या मालकिणीलाच ठाऊक.

आणि समजा, खटका अगदी पक्का आहे. तरी घडीच्या चाकूला कट्यारीसारखी किंवा तलवारीसारखी आडवी मूठ नसते. ओला, घामेजलेला हात जोर लावताना पुढे सरकतो आणि थेट धारेवर जातो. चाकू चालवणाऱ्या सराईतांच्याही तळहातावर जखमा सापडतात, आणि तपास करणारे त्या मुद्दाम पाहतात, त्याचे कारण हेच. मग ज्या मुलीने जन्मात काकडीपलीकडे काही कापले नाही, तिच्या हाताचे काय होईल?

बरे, हे सारे चाकू उघडल्यानंतरचे. उघडायला वेळ कोण देणार? अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीच्या पोलीस खात्यात डेनिस ट्युलर नावाचे एक शिक्षक-अधिकारी होते. त्यांनी १९८३ साली एका लेखात एक साधा प्रयोग मांडला. हल्लेखोर २१ फुटांवर उभा आहे. तो धावत सुटला तर आपल्यापर्यंत पोहोचायला त्याला किती वेळ लागेल? उत्तर निघाले सुमारे दीड सेकंद. कमरेला पिस्तूल लावलेल्या, रोज सराव करणाऱ्या पोलिसालाही तेवढ्यात ते उपसून नेम धरणे कठीण जाते, हा त्यांचा मुद्दा. आता आपल्या ताईचे पाहा. खांद्यावरची पर्स पुढे घ्यायची, साखळी उघडायची, रुमाल, डबा, छत्री, औषधाची पट्टी बाजूला सारून चाकू शोधायचा, तो सुलट धरायचा, अंगठ्याने पाते वर लोटायचे, खटका बसला की नाही ते पाहायचे. भीतीने माणसाची बोटे थरथरतात, बारीक कामे त्यांना जमत नाहीत. घाबरलेल्या माणसाला स्वतःच्या दाराचे कुलूप उघडता येत नाही, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. आणि हल्ला करणारा २१ फुटांवरून आरोळी ठोकत येतो, असेही नाही. तो शेजारी उभा असतो.

यावर भावाचे उत्तर ठरलेले असते, “अहो सर, चालवायचा कुठे आहे? नुसता दाखवला तरी समोरचा पळतो.” हे ज्ञान सिनेमातले. आपल्या देशात घडीच्या चाकूची कीर्ती वाढवली ती उत्तर प्रदेशातल्या रामपूरच्या कारागिरांनी आणि त्याहून अधिक मुंबईच्या चित्रपटांनी. रामपूरला २०२३ साली चौकात वीस फुटांचा चाकू उभारून त्या कलेचे स्मारकही झाले आहे. रामपुरी म्हटले की जुन्या प्रेक्षकांना १९६५ सालचा ‘वक्त’ आठवतो, राजकुमार आठवतो आणि चाकूवरचे त्याचे ते बेफिकीर वाक्य आठवते. वाक्य सर्वांना पाठ आहे. प्रसंग कोणी लक्षात ठेवत नाही. त्या प्रसंगात चाकू उपसणारा दुसराच असतो, आणि पापणी लवायच्या आत तो चाकू त्याच्या हातून गेलेला असतो! ‘नुसता दाखवणाऱ्याचे’ काय होते, हे त्याच सिनेमाने दाखवून ठेवले आहे. जो चालवायचा नाही तो चाकू दाखवणे म्हणजे समोरच्याला एक हत्यार आयते नेऊन देणे. तोवर त्याच्या हातात काहीच नसेल, तर आता झाले.

सिनेमा पुरला नाही की इतिहास काढतात. “महाराजांनी वाघनखेच वापरली ना?” वा! २०२४ च्या जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून वाघनखे साताऱ्याच्या संग्रहालयात प्रदर्शनासाठी आली, तेव्हापासून या युक्तिवादाला विशेष धार चढली आहे. पण प्रतापगडाची गोष्ट आम्ही चौथीच्या वर्गात शिकवतो, ती जरा मोठ्यांनीही पुन्हा वाचावी. १० नोव्हेंबर १६५९ हा दिवस एका दिवसात उगवला नाही. खानाला मैदानातून ओढून जावळीच्या रानात आणण्यात महिने गेले. भेटीची जागा महाराजांनी निवडली, गडाच्या पायथ्याशी, आपल्या माणसांच्या वेढ्यात. रानात मावळे दबा धरून बसवले. वकील पाठवून खानाचे मन आधी वाचून घेतले. अंगात चिलखत घातले, डोक्याला जिरेटोप घातला, सोबत जिवा महालासारखा नजर न हलणारा माणूस घेतला. हे सगळे झाल्यावर, सगळ्यांत शेवटी, हातात वाघनखे आली. आमचे बंधुराज मधली सारी पाने गाळतात आणि शेवटच्या ओळीतले तेवढे हत्यार उचलतात. जावळी नाही, मावळे नाहीत, चिलखत नाही, जिवा महाला तर मुळीच नाही. ताई एकटी, आणि तिच्या पर्समध्ये गुलाबी वाघनख! याला शिवचरित्राचा आदर म्हणायचे की टवाळी?

आता कायद्याकडे वळू, कारण दुकानदार कायद्याचे अर्धेच पान दाखवतो. १९५९ चा शस्त्र अधिनियम आणि त्याखालचे नियम यांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची, घरकामासाठी वा शेतीसाठी नसलेली हत्यारे शस्त्रांच्या यादीत घातली आहेत. दुकानदार म्हणतो, आपले पाते साडेतीन इंचांचे, मग चिंता कसली? चिंता अशी की आपल्या राज्यात १९५१ चा पोलीस कायदा आहे आणि त्याचे ३७ वे कलम आहे. त्याखाली सणासुदीला, निवडणुकीला, कुठे तणाव असला की हत्यारे, सोटे, सुऱ्या बाळगण्यास बंदी करणारे हुकूम जिल्ह्याजिल्ह्यांत वरचेवर निघतात. त्या पंधरवड्यात पर्समधला तो चाकू कोणत्या रस्त्यावर, कोणत्या नाक्यावर गुन्हा ठरेल, हे ताईला कोण सांगणार? विमानतळावर तो हातातल्या पिशवीतून काढून घेतील, न्यायालयाच्या दारात काढून घेतील. ज्या हत्याराला निम्म्या दारांवर बाहेर ठेवावे लागते त्याच्यावर विसंबायचे तरी कसे?

“पण स्वसंरक्षणाचा हक्क कायद्यानेच दिला आहे!” दिला आहे, आणि तो मोठा हक्क आहे. पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या ९६ ते १०६ या कलमांत होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो ३४ ते ४४ या कलमांत आहे. बलात्काराच्या, अपहरणाच्या, ॲसिड फेकण्याच्या हेतूने कोणी अंगावर आला तर त्याचा जीव जाईपर्यंतही हा हक्क पोहोचतो. प्रत्येक मुलीला हे शाळेतच शिकवले पाहिजे, आणि मी शिकवतो. पण हा हक्क चाकूने मिळत नाही. तो नखाला आहे, दाताला आहे, दगडाला आहे, हातातल्या छत्रीलाही आहे. शिवाय कायद्याने त्याला एक कुंपण घातले आहे: बचावासाठी लागेल त्याहून अधिक इजा करता येत नाही. आणि आपला वार या कुंपणाच्या आत होता, हे दाखवण्याची जबाबदारी वार करणाऱ्यावरच येते. आधीपासून जवळ बाळगलेला चाकू दिसला की समोरच्या पक्षाचा वकील पहिला प्रश्न काय विचारील, हे सांगायला वकिलीची सनद लागत नाही. ज्याने छेड काढली तो ‘जखमी’ म्हणून खाटेवर, आणि ताई आरोपी म्हणून खालच्या बाकावर, असा उलटा देखावा काही अशक्य कोटीतला नाही.

हे सगळे मुद्दे क्षणभर बाजूला ठेवू. चाकू उत्तम आहे, खटका पक्का आहे, ताईने सराव केला आहे, कायदा तिच्या बाजूने आहे, असे समजू. मग प्रश्न उरतो तो एवढाच, की चाकू चालवायचा कोणावर?

भावाच्या मनात एक चित्र असते. अंधारी गल्ली, विझलेला दिवा, अनोळखी, तांबारलेल्या डोळ्यांचा गुंड. असे गुंड नाहीत असे मी म्हणत नाही. १६ डिसेंबर २०१२ ची दिल्लीतली रात्र हा देश विसरलेला नाही. त्यानंतर महिन्याभरात, २०१३ च्या जानेवारीत, मुंबईत एका राजकीय पक्षाने महिलांना चाकू वाटण्याचा कार्यक्रम केला, तो त्याच संतापातून. संताप खरा होता. उपाय लटका होता. कारण सरकारचाच राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दरसाल जो अहवाल काढतो, तो वर्षानुवर्षे एकच गोष्ट सांगतो आहे. नोंदल्या गेलेल्या बलात्कारांपैकी शेकडा ९० हून अधिक प्रकरणांत आरोपी त्या स्त्रीच्या ओळखीचा असतो. नातेवाईक, शेजारी, मालक, मित्र, लग्नाचे वचन देणारा. तो गल्लीच्या अंधारात उभा नसतो; तो आपल्या दिवाणखान्यात बसून चकली खात असतो. त्याच्यासाठी ताई पर्स घेऊन बसत नाही. चहा घेऊन येते.

तिथे चाकू काय करणार? तिथे लागते ती आईने बाहेर येऊन “काय झाले गं?” असे विचारण्याची सवय. “काका आलेत, नमस्कार कर” म्हटल्यावर मुलगी आत निघून गेली तर तिच्यावर डोळे न वटारता तिच्या मागे जाऊन बसणारा बाप लागतो. “असं बोलू नये, घराण्याची अब्रू जाईल” हे वाक्य ज्या घरात एकदाही उच्चारले जात नाही ते घर लागते. ही शस्त्रे दुकानात मिळत नाहीत, आणि ती बाळगायला भावाला पैसे पडत नाहीत, पण स्वतःच्या माणसांशी वाकडेपणा घ्यावा लागतो. पाचशे रुपयांचा चाकू त्या मानाने फार स्वस्त पडतो. म्हणूनच तो खपतो.

आणखी एक गोष्ट सांगतो. ती सांगताना मला त्रास होतो, पण शिक्षकाने ती सांगितली नाही तर कोण सांगणार? हे चाकू बहिणीच्या पर्सपेक्षा भावांच्या खिशातच अधिक जातात. ताईसाठी म्हणून घेतलेल्या दोनांपैकी एक स्वतःकडे राहतो. माझ्या वर्गात एक मुलगा होता. भित्रा, अंगाने किडकिडीत, अक्षर मोत्यासारखे. कॉलेजात गेल्यावर मोठी पोरे दमदाटी करतात म्हणून त्याने घडीचा चाकू खिशात ठेवला, स्वसंरक्षणासाठीच. गणपतीच्या विसर्जनाच्या रात्री मिरवणुकीत धक्का लागला, शब्दाला शब्द वाढला. खिशात चाकू नसता तर तो पळून गेला असता, दोन चपराका खाऊन घरी येऊन रडला असता आणि आज कुठेतरी कारकुनी करीत असता. खिशात चाकू होता, म्हणून तो पळाला नाही. त्याने वार केला तो मांडीवर. “मांडीवर मारलं तर माणूस मरत नाही,” अशी त्याची समजूत होती. मांडीतून शरीरातली एक मोठी रोहिणी जाते. मोठ्या माणसाच्या अंगात रक्त असते सुमारे पाच लिटर. ती रोहिणी तुटली तर काही मिनिटांत खेळ आटोपतो. मेलेला मुलगाही माझ्याच शाळेतला, दोन वर्षे पुढचा. एक आई स्मशानातून परतली, एक आई तुरुंगाच्या दारात उभी राहू लागली. कोणाचे स्वसंरक्षण झाले?

चाकूने आत्मविश्वास येतो, असे म्हणतात. येतो, यात शंका नाही. आणि तेच त्याचे विष आहे. भीती ही निसर्गाने दिलेली पहारेकरीण आहे. ती पायांना सांगते, इथून नीघ. खिशातला चाकू त्या पहारेकरणीच्या तोंडावर हात ठेवतो आणि म्हणतो, थांब, बघून घेऊ. जिथून निघून जायचे तिथे माणूस थांबतो, आणि अनर्थ घडतो तो त्या थांबण्याने. पुण्यात कोयते नाचवत फिरणाऱ्या पोरांच्या टोळ्यांच्या बातम्या आपण वाचतो आणि हळहळतो. ज्या कोयत्याने ऊस तोडला जातो, ज्याच्या नावाने नवराबायकोच्या जोडीला ऊसतोडीच्या हिशेबात ‘एक कोयता’ म्हणतात, ते कष्टाचे हत्यार दहशतीची निशाणी होऊन बसले. पण प्रत्येक घरात एकेक चाकू ‘स्वसंरक्षणा’ साठी पोचवून आपणही तीच पाठशाळा काढतो आहोत, हे कोणाच्या लक्षात येत नाही.

“मग मुलींनी काय हात जोडून बसायचे?” असा प्रश्न आता येईल, आला पाहिजे. नाही, हात जोडून बसायचे नाही. ओरडायचे. आमच्या मुलींना आम्ही पहिली दहा वर्षे “हळू बोल” हे शिकवतो आणि मग तिच्या हातात चाकू देतो! आधी तिला मोकळ्या मैदानात उभी करून पोटातून ओरडायला शिकवा. पळायला शिकवा; धावण्याच्या शर्यतीत फक्त मुलगेच का? हात धरला तर अंगठ्याच्या बाजूने झटका देऊन कसा सोडवायचा, हे अर्ध्या तासात शिकता येते, आणि तो हात कोणत्याही तपासणीत काढून घेतला जात नाही. चांगली विजेरी आणि शिट्टी द्या. ती चुकून स्वतःला लागली तर टाके पडत नाहीत. ११२ हा क्रमांक पाठ करून घ्या. गुन्हा कुठेही घडलेला असो, कोणत्याही पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवता येते, हे नव्या कायद्यात लिहिलेले आहे ते तिला सांगा, आणि त्या ठाण्याच्या पायरीवर तिच्यासोबत स्वतः उभे राहा. ती ज्या कचेरीत नोकरीला लागली तिथे दहा किंवा अधिक माणसे कामाला असतील, तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे तिथे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असलीच पाहिजे. चाकूचे पाते किती इंचांचे असावे याची चौकशी करणाऱ्या किती भावांनी त्या समितीची चौकशी केली? तिच्या खोलीपासून बसथांब्यापर्यंत दिवे आहेत का, हे एकदा रात्री तिच्याबरोबर चालून कोणी पाहिले? नगरपालिकेला एक अर्ज लिहिला? दिवा लावणे हे दिवाळीचेच काम आहे, बंधूंनो.

आणि शेवटी ती गोष्ट, जी ऐकताच बरेच बंधू हे पान उलटतील. बायकांवर सर्वांत जास्त हात उठतो तो घरात, आणि मार खाऊनही ती तिथेच राहते, कारण जायला दुसरे घर नसते. माहेर म्हणते, “दिल्या घरी सुखी राहा.” महाराष्ट्राने १९९४ साली आणि देशाने २००५ साली कायदा करून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा वाटा दिला. तो वाटा कागदावर आहे. प्रत्यक्षात काय होते? वडील गेले की तेराव्यानंतर तलाठ्याच्या फेऱ्या सुरू होतात, आणि एके दिवशी बहिणींना गाडी पाठवून बोलावून घेतात, पुरणपोळीचे जेवण घालतात, साडी नेसवतात आणि हक्कसोडपत्रावर सह्या घेतात. बहीणही हसून सही करते, कारण सही नाकारली तर माहेर तुटते हे तिला पुरते ठाऊक असते. तिच्या डोक्यावरचे छप्पर असे काढून घ्यायचे, आणि पुढच्या भाऊबिजेला तिच्या ताटात साडेतीन इंचांचे पाते ठेवून म्हणायचे, “ताई, स्वतःला जप हं!” हा विनोद असेल तर फार क्रूर आहे.

ज्या बाईच्या नावावर अर्धा एकर जमीन आहे किंवा दोन खोल्या आहेत, तिच्यावर हात उगारताना उगारणारा दोनदा विचार करतो, कारण ती रात्री उठून निघून जाऊ शकते. ज्या मुलीला ठाऊक आहे की काहीही झाले, कितीही वाजले, तरी भावाचे दार उघडेल आणि तो आधी “तू तिथे कशाला गेली होतीस?” असे विचारणार नाही, त्या मुलीच्या पर्समध्ये काहीच नसले तरी चालते. तेच तिचे चिलखत, तेच तिचे मावळे, तीच तिची जावळी.

तेव्हा, या भाऊबिजेला बहिणीच्या ताटात काय घालावे, हे विचारणाऱ्या माझ्या साऱ्या विद्यार्थ्यांना माझे उत्तर असे. चाकू घ्यायचाच असेल तर चांगल्या पोलादाचा, लाकडी मुठीचा, आंबे कापायला घ्या आणि घरच्या फडताळात ठेवा. ताटात मात्र तुमच्या दाराची एक किल्ली ठेवा. आणि सातबाराच्या उताऱ्यावर तिचे नाव असेल, तर ते खोडायला निघालेला हात ओवाळणी घालायला पुढे करू नका.